गवईकाकांनी दिलेला आवाज

प्रिय बाबा,

घरातल्या घरात पत्र कसलं, म्हणून हसू नका. शाळेत मोकळ्या तासाला शिक्षकांच्या खोलीत बसून लिहिते आहे. समोर चित्रकलेच्या बाई डबा खात बसल्या आहेत आणि एवढं लांबलचक कुणाला चाललंय म्हणून मान वाकडी करकरून बघताहेत. मी म्हटलं, वडिलांना. “बाहेरगावी असतात वाटतं?” मी हो म्हणून टाकलं. म्हणजे पापाविषयी लिहायला बसले आणि पहिल्या ओळीच्या आत खोटं बोलून मोकळी झाले. पण काय करू? तुमच्याशी बोलायचं म्हणजे मोठ्याने बोलायचं, आणि आपल्या भिंतींपलीकडे माणसं राहतात. हे मोठ्याने बोलण्यासारखं नाही.

गेले काही दिवस मला एका जागी बसवत नाही हे तुम्ही पाहताच आहात. कपाट लावलं, पुन्हा उपसलं. वह्या तपासायला घेते आणि एकाच उत्तरावर परत परत बरोबरची खूण करत राहते. आई म्हणते, “हिच्या पायाला भिंगरी लागलीय, आता हिचं लग्नच करून टाका.” तुम्ही हसलात, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही. तुमचंही काही बरं चाललेलं नाही, बाबा. दाढी करताना कापून घेता. चहा समोर ठेवला की निवेपर्यंत त्याच्याकडे बघत राहता आणि मग निवलाय म्हणून आईवर चिडता. सोमवारची गिरणीतली चौकशी आपल्या दोघांच्याही मानेवर बसली आहे, आणि आपण एकमेकांशी मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलतो आहोत.

गिरणी म्हणते ते असं: रद्दीच्या गाठी दाबणाऱ्या यंत्रात तार अडकली, ती सोडवायला गवईकाकांनी हात घातला, पण थांबायचा आवाज काही दिला नाही. तुम्ही रोजच्यासारखा दांडा ओढलात आणि त्यांची दोन बोटं गेली. चूक त्यांचीच. आता जखम भरली आहे, तर अशा बेफिकीर माणसाला परत कामावर घ्यायचं की नाही, ते सोमवारी ठरणार. एवढा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा आहे, ‘त्याने आवाज दिलाच नाही.’ ते वाक्य तुमचं आहे.

गवईकाका आणि आवाज न देणं! त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, असा त्यांचा गळा. चर्चमध्ये ते गीताची पहिली ओळ उचलतात तेव्हा वेदीवरच्या मेणबत्त्या दचकतात, असं आईच म्हणते. माझा पदवीचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही लाजून आत बसलात आणि ते रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडले, “अहो, आमची मास्तरीण पास झाली! आपल्या लोकांतली पहिली!” कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून बाहेर आला होता. असा माणूस हात यंत्रात असताना गप्प राहिला, हे साहेबांना पटलं, कारण ते तुम्ही सांगितलंत. तुमचा शब्द गिरणीत कुणी दुसऱ्यांदा तपासून बघत नाही. तेव्हापासून काका चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात, खिशात हात घालून, आणि गात नाहीत.

त्या दिवसांत माझ्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात नेमका पाप कशाला म्हणायचं हा धडा आला. मी फळ्यावर छान वळणदार अक्षरात लिहिलं की मोठं पाप व्हायला गोष्ट गंभीर असावी लागते, ती वाईट आहे हे कळत असावं लागतं, आणि तरीही ती आपण होऊन केलेली असावी लागते. नकळत घडलं तो अपघात, पाप नव्हे. मागच्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळे वकील म्हणतात. ती उठली. “टीचर, मग माहीतच करून घेतलं नाही तर? म्हणजे जिथं गेल्यावर कळेल तिथं मी गेलेच नाही, तर सुटले ना?” वर्ग खो खो हसला. मी म्हटलं, डोळे मिटून घेणं हेही आपण होऊनच केलेलं असतं. उत्तर झकास होतं. स्वतःवर खूश होत मी घरी आले. पदवी मिळाल्यापासून, बाबा, मला उत्तरं फार लवकर सुचतात.

पुढच्या शनिवारी दुपारी आईचा गुडघा सुजला म्हणून चर्चची साफसफाई करायला मी गेले. मेणबत्त्यांचे पितळी स्टँड घासायला मी त्या कोठीत बसले होते, पापनिवेदनाच्या जागेमागच्या. मध्ये नुसती एक लाकडी फळी. तुम्ही आलात ते मला चपलांच्या आवाजावरूनच कळलं. कोठीचं दार उघडलं असतं तर ते तुमच्या खांद्यालाच लागलं असतं. मी खोकायला हवं होतं. नाही खोकले. कान झाकले, पण खरं सांगायचं तर पहिल्या वाक्याला नाही, दुसऱ्या वाक्याला झाकले. आणि झाकून उपयोग काय? तुम्हाला वाटतं तुम्ही कुजबुजता. पॉलिशने काळे झालेले तळहात कानांवर दाबून मी उभी होते, आणि शब्दन् शब्द आत येत होता. काकांची हाक तुम्हाला ऐकू आली नाही. किती तरी वर्षं येत नाही. ते हात वर करून तुम्हाला खूण करायचे, आणि त्या दिवशी तोच हात आत होता. त्यांनी आवाज दिला होता हे मागाहून धावत आलेल्या माणसांच्या बोलण्यातून तुम्हाला कळलं, आणि तरी साहेबांसमोर तुम्ही ते वाक्य बोललात. ऐकू येत नाही म्हटलं तर यंत्रावरून काढतील म्हणून. शेवटी तुम्ही म्हणालात, “घरी कुठल्या तोंडाने सांगू, फादर? माझी मुलगी पोरांना दहा आज्ञा शिकवते.” फादर काय म्हणाले ते मला कळलं नाही. ते खरोखरच हळू बोलतात.

ते शेवटचं वाक्य ऐकून मी घासलेलाच स्टँड पुन्हा घासायला घेतला. मला वाटायचं, मी शिकले म्हणजे तुमचा आधार झाले. तुम्हाला माझी भीती वाटते हे मला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून मी तुमच्या पाळतीवर असल्यासारखी वागते आहे. तुम्ही गिरणीतून आलात की आधी चेहरा बघते, आज सांगितलंत का? त्या शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारच्या मिस्सेला, कम्युनियनची भाकर घ्यायला आपली सगळी रांग उठली आणि तुम्ही उठला नाहीत. गुडघे बाजूला घेऊन आम्हाला वाट करून दिलीत. आईने खाली वाकून विचारलं, “पोट बिघडलंय का हो?” तुम्ही नाही म्हणून मान हलवलीत. त्या क्षणी मला रडू फुटलं असतं, आणि ते दुःखाचं नसतं. मोठं पाप मनात ठेवून ती भाकर घ्यायची नसते, पण चेहरा कोरा ठेवून तुम्हाला रांगेत जाता आलं असतं, कुणाला काय कळणार होतं? पण तुम्ही त्या खोट्यावर दुसरं खोटं चढवलं नाहीत. तुमचं मन अजून झगडतं आहे हे मला तेव्हा दिसलं.

मी फादरांकडे जाऊन आले. नाव नाही, गाव नाही. नुसतं विचारलं, दुसऱ्याचं पापनिवेदन चुकून एखाद्याच्या कानावर पडलं तर? ते कुंड्यांना पाणी घालत होते. “त्याच्याही तोंडाला तेच कुलूप, जे माझ्या तोंडाला.” “आणि त्यामुळे एखाद्या निरपराध माणसाचं नुकसान होत असेल तर?” एकाच कुंडीत पाणी पडत राहिलं आणि खालून वाहायला लागलं. “तरीही कुलूप,” ते म्हणाले. मग आम्ही दोघं बराच वेळ गुलाबावरच्या किडीविषयी बोललो. इतक्या मन लावून किडीविषयी आजवर कुणी बोललं नसेल.

परत येताना मला हलकं वाटलं, आणि त्याचीच मला लाज वाटते. तोंडाला कुलूप आहे म्हणजे मला काही करायचं नाही, सुटले! आणि फाटकापर्यंत येते तो ती मागच्या बाकावरची वकील डोक्यात उभी राहिली. त्या फळीमागे जायच्या आधी तुला काय काय माहीत होतं, टीचर?

मला तुमचा डावा कान माहीत होता, तो गेलेला, आणि उजवाही मंदावत चाललेला. आईला माहीत होता. ती जेवायला नेहमी तुमच्या उजवीकडे बसते. फोन वाजला की मी धावते. कुणी तुम्हाला पाठीमागून हाक मारली की आम्ही दोघी एकदमच तुमच्या बाहीला हात लावतो. पाहुण्यांसमोर तुमचं उत्तर भलतीकडे गेलं की आई म्हणते, “यांचं लक्ष कुठं असतं देव जाणे.” लक्ष! आम्ही याला माया म्हणत आलो. मायाच होती ती. पण त्याच मायेने तुम्हाला त्या यंत्रापाशी उभं ठेवलं. आणि अपघात झाला त्या संध्याकाळी तुम्ही ताटावर बसून म्हणालात, त्याने आवाज दिलाच नाही, तेव्हा आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं, आणि आईने तुम्हाला भाजी वाढली. कुणी काही विचारलं नाही. ही माझी गोष्ट आहे, बाबा. हिला कुठलंही कुलूप नाही.

तरी मन थाऱ्यावर येत नाही. कधी वाटतं, दाराला कुलूप आहे म्हणून मी खिडकीतून आत शिरते आहे. तुम्ही देवाला सांगितलेलं मी साहेबांना वळसा घालून तर सांगत नाही ना? मग स्वतःला विचारते, त्या शनिवारी मी तिथे नसतेच, तर हे सांगणं माझं काम नव्हतं का? होतं. त्या संध्याकाळीच होतं. हे पत्र लिहावं की नाही याचाही दोन्हीकडून विचार करून झाला. जे ऐकलं ते तुमचं आहे, तुमच्याच हातात परत देते आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही. यात माझं चुकत असेल तर तो हिशेब माझा. वाचून फाडून टाका.

काल गवईकाका शाळेच्या फाटकाशी उभे होते. त्यांना नवा शर्ट घातलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, “मास्तरीणबाई, सोमवारी माझ्या शेजारी येऊन बसशील का? साहेब लोक भराभर बोलतात, मला वेळेवर शब्दच सापडत नाहीत.” आणि मी काही बोलायच्या आत, “बापाविरुद्ध बोलायला नाही सांगत हं. तो विषय मी पण काढणार नाही. मी आवाज दिला होता एवढंच सांगणार, बास. तू नुसती बस.” मी वाट बघत राहिले की आता तरी ते तुमच्या कानाविषयी काही बोलतील. नाही बोलले. बोटं गेली, कामही जायच्या बेतात आहे, आणि हा माणूस अजून तुम्हाला सांभाळून घेतो आहे. मी येते म्हटलं. जाता जाता वळून म्हणाले, “पण बापाला सांगून ये.”

म्हणून हे पत्र. परवानगी मागत नाही, आणि तुम्हाला धाकही घालत नाही. सोमवारी मी काकांच्या शेजारी बसणार आहे. फळीमागे ऐकलेलं एक अक्षरही माझ्या तोंडून निघणार नाही, त्यापायी काकांचं काम गेलं तरी नाही. ते सांगायचं की नाही, हे तुमच्या आणि देवाच्या मधलं. पण माझ्या वाटचं मी सांगणार आहे: माझ्या वडिलांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजव्यानेही कमीच येतं, आणि आम्हाला घरी ते माहीत होतं. भरल्या खोलीत, साहेबांच्या देखत, हे तुम्ही पहिल्यांदा माझ्या ओठांवरून वाचावं, असं मला नको होतं. मधे अजून दोन दिवस आहेत. चौकशीत तुम्ही माझ्या आधी उठलात तर मला तोंड उघडावं लागणार नाही, आणि त्यानंतर यंत्रावर तुमच्या जागी कुणीही उभं राहिलं तरी मी तुमचा हात धरून त्या गिरणीच्या फाटकातून ताठ मानेने बाहेर येईन. मी तुमची वाट बघेन. चौकशी संपली म्हणून साहेब खुर्ची मागे सरकवतील तोवर बघेन. मग मात्र मी उठेन, बाबा.

तुमचीच,
मास्तरीण