कोऱ्या कागदावरचा अंगठा

अण्णा, मी तुम्हाला चोर समजत होते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता आडवळण कशाला, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. तुम्ही हेब्बाळच्या तळ्याखालच्या आपल्या गावचे शानभोग, गावच्या जमिनीचं सगळं दप्तर तुमच्या हातात, आजोबांकडून आलेलं. आणि मी तालुका कचेरीत टायपिस्ट. दिवसभर माझ्या मशीनवर काय यायचं? अमक्या शानभोगानं भावाचं शेत स्वतःच्या नावावर चढवलं, तमक्यानं विधवेला फसवलं. असले निकाल बडवून संध्याकाळी घरी यायचं आणि जेवताना तुमच्या तोंडाकडे बघत बसायचं. डोकं सरळ राहील कसं?

एकसष्टचा कायदा आला आणि गावातली पिढीजात कामं सरकारनं मोडीत काढली. शानभोगी गेली, पाटीलकी गेली, तळ्याचं पाणी शेताशेतांत सोडणाऱ्या नीरगंटीचं कामसुद्धा गेलं. कामापोटी मिळालेली शेतं सरकारजमा, मात्र मुदतीत अर्ज केला तर ज्याची त्याला परत मिळणार होती. तुमचा अर्ज तुम्ही लगेच देऊन मोकळे झालात. नीरगंटी वारला होता, मागे त्याची बायको. तिचं अर्धा एकर शेत आपल्या शेताला लागून, पाणी आधी तिच्याकडे, मग आपल्याकडे. तिचा अर्ज काही गेलेला नव्हता. हे मी मनात टिपून ठेवलं होतं.

मग तो रविवार. ती ओसरीच्या पायरीखाली उभी आहे, मी आतून बघते आहे. तुम्ही कागद पुढे करता, ती शाई लावून अंगठा उठवते, आणि कागद कोरा! एक अक्षर नाही त्यावर. "सरी, झालं, जा आता, बाकीचं मी बघतो," तुम्ही म्हणता. तशी तुमची रीतच होती, आधी अंगठा, मजकूर मागाहून सवडीनं, कारण ही माणसं मजुरी बुडवून परत परत कुठली यायला. लहानपणापासून मी तेच बघत आले होते. पण त्या दिवशी मला कचेरीतल्या फायलीच दिसल्या.

मागच्या दारानं जाऊन मी तिला गाठलं. "कोऱ्या कागदावर अंगठा देतात होय? वेडी का काय तू? तुझं शेत गेलं म्हणून समज."

ती पांढरीफटक पडली. "शानभोगर असं करतील, अक्का?"

"मी त्यांची मुलगी सांगतेय ना!"

ती तशीच घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली, कागद मागून घेतला, तुमच्यादेखत फाडला आणि पायरीवर थुंकली. "स्वल्प थांब, ऐकून तर घे," तुम्ही हाका मारत राहिलात. मग आत येऊन मला एवढंच विचारलंत, "तू काही बोललीस का तिला?" मी म्हटलं, "नाही." त्यानंतर तुम्ही तीनदा तिच्या दारी गेलात, तिनं उघडलं नाही, आणि मला वाटलं, बघा, कसा जीव अडकलाय यांचा त्या अर्ध्या एकरात.

मुदत टळली. वर्षभरानं तिची फाइल नेमकी माझ्याच टेबलावर आली. आत तिच्या वतीनं तुम्हीच केलेला, तुमच्या अक्षरातला अर्ज. या बाईचा काही दोष नाही, उशीर माझ्या हलगर्जीपणामुळे झाला, शिक्षा करायची तर मला करा, शेत तिचं तिला द्या. खाली साहेबांचा शेरा, उशीर माफ करता येत नाही. तो निकाल मी टाइप केला, दोन कार्बन लावून. आणि खरं सांगू? तेव्हाही पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की स्वतःला वाचवायला लिहिलं असेल. स्वतःवर दोष घेऊन माणूस वाचतो कसा, हा प्रश्न मला पडला तो परतीच्या बसमध्ये. हेब्बाळ येईपर्यंत माझं तोंड कडू झालं होतं. घरी आले, तुम्ही विचारलंत, "आज उशीर झाला?" मी म्हटलं, "काम होतं."

तिच्या शेतावर पुढे घरं उठली. ती पालेभाजीची टोपली घेऊन दारोदार फिरायला लागली, आपल्याही दारात यायची. तुम्ही गेल्यावर तर मोकळेपणानं बोलायची, "तुझ्या बापानं माझं शेत बुडवलं. तू देवमाणूस, अक्का, तू सावध केलंस." आणि माझ्या हातात एक जुडी जास्त ठेवायची. ती मरेपर्यंत मी ती जुडी घेत राहिले, अण्णा. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मला माझं नाव राखायचं होतं, तुमचं जाऊ दिलं. लाज वाटते मला, फार वाटते.

तुम्हाला लिहिलेले हे कागद मी कुणाला दाखवणार नाही. मुलगा परवा विचारत होता, आजोबांनी खरंच त्या बाईचं शेत घशात घातलं होतं का गं? मी म्हटलं, जुन्या गोष्टी रे, मला काय माहीत.