शांत खोलीतली जागा

प्रिय रत्ती,

चोवीस वर्षांच्या, पदवी घेतलेल्या बाईला असल्या नावाने हाक मारू नये, हे मला कळतं. पण आठ वर्षांची असताना तू आपणहून आमच्या वजन-तराजूंच्या कारखान्यात पोती तोलायच्या काट्यावर चढून बसलीस, मालकांनी चष्मा कपाळावर सरकवून आकडा बघितला आणि म्हणाले, "ही तर रत्तीभर आहे, हिची काय पावती फाडायची!" तेव्हापासून तू रत्ती. आता नाइलाज आहे, सहन कर.

तुझं पत्र काल, मंगळवारी दुपारी मिळालं. शेवटच्या ओळीत लिहिलंयस, 'आत्या, ठरलं. मी तुझ्या कारखान्यात येतेय. विद्यापीठाला शुक्रवारी नकार कळवते.' पहिल्यांदा वाचलं तेव्हा इतका आनंद झाला की चहात साखर घातलेली विसरून पुन्हा घातली. दुसऱ्यांदा वाचलं आणि तोच चहा तसाच बाजूला ठेवला. आज दिवसभरात दोनदा तुला फोन लावायला घेतला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. म्हणून हे पत्र कुरिअरने पाठवते आहे, उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल. शेवटपर्यंत वाच. मला घाईने सांगता येत नाही, तुला माहीत आहे.

शांत खोली अजून तशीच आहे, फक्त तुला आठवते तेवढी मोठी नाही. दोन दारं, मधे अंधारा बोळ, पंखा नाही, खिडकी आहे पण ती उघडत नाही. फरशीला न टेकता स्वतःच्या वेगळ्या पायावर उभा असलेला तो दगडी ओटा, आणि त्यावर काचेच्या पेट्यांत तराजू. दुपारी तीनच्या सुमाराला दुधी काचेतून असा उजेड येतो की सगळी खोली हळूच पाण्याखाली गेल्यासारखी वाटते. काटा डावीकडे जातो, उजवीकडे येतो, पुन्हा डावीकडे, दर वेळी केसभर कमी. तो ठरेपर्यंत करण्यासारखं काहीच नसतं. लोक मला विचारतात, तुला कंटाळा कसा येत नाही. त्यांना काय सांगू? मला पगार त्या वाट बघण्याचाच मिळतो, आणि तेवढ्या वेळात मी कुठे कुठे जाऊन येते. कधी लहानपणीच्या घराच्या गच्चीवर, जिथे दादा पतंग सोडून माझ्यावर ओरडत असतो. कधी एका गावात, जिथे मी जन्मात गेलेले नाही, पण तिथली वळणं मला पाठ आहेत. काटा थांबला की परत येते आणि आकडा लिहिते.

वहिनीची इस्पितळातली पाळी दुपारी सुरू व्हायची आणि दादा ट्रक घेऊन चार-चार दिवस बाहेर, म्हणून शाळा सुटली की तू थेट माझ्याकडे यायचीस. अट एकच होती, शांत खोलीत बोलायचं नाही. तू ती इतकी मनावर घेतलीस की श्वाससुद्धा धरून बसायचीस, गाल फुगवून, डोळे मोठे करून. तुझा जीव जाईल या भीतीने मी घाईघाईत आकडे घ्यायचे. एकदा तुला शिंक आली आणि चाळीस मिनिटांचं काम पाण्यात गेलं. मास्तर, ज्यांच्या हाताखाली मी सगळं शिकले, ते कुणाचं ऐकून घेणारे नव्हते. पण त्या दिवशी त्यांनी नोंदवहीत, बिघाडाचं कारण म्हणून, आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'शिंक. वय वर्षे नऊ.' ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

गेल्या महिन्यात तू तो कागद पाठवलास. तीन रकाने. कंपनी, कारखाना, पुढचं शिक्षण. वर लिहिलं होतंस, 'तोलून दे, आत्या. तुझा धंदाच आहे तो.' कंपनी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवणारी, पहिल्या दिवसापासून तुझ्या हाताखाली सहा माणसं. दादा त्या रकान्यावर जाम खूश आहे. मला म्हणाला, "तीन वर्षं अजून शिकून ती काय वेगळं तोलणार आहे? किलो तो किलोच." वहिनीने तर कागद वाचलाही नाही. म्हणाली, "जे ठरवल्यावर तिला गाढ झोप लागेल ते करू दे." आयुष्यभर आजारी माणसांच्या उशाशी बसलेली बाई, तिचं माप वेगळं. आणि कारखान्याच्या रकान्यात तू मालकांच्या त्या नोकरीला बोलावणाऱ्या पत्राचं केवढं कौतुक केलंयस. 'मालक इतकं हळवं लिहितात हे मला माहीतच नव्हतं,' म्हणे. त्या पत्राबद्दल नंतर लिहिते.

तर मी तोललं. आपल्या पद्धतीने, दोनदा. तुला आठवत असेल, कुठल्याही तराजूच्या दोन भुजा अगदी सारख्या कधीच नसतात, म्हणून आपण वस्तू आधी डाव्या पारड्यात ठेवून बघतो आणि मग उजव्या. एकदा मी तुझी कारणं वाचली. कारणं तिन्हीकडे उत्तम आहेत, तू वकील व्हायला हवी होतीस. मग कारणं बाजूला ठेवली आणि नुसत्या ओळी मोजल्या. कंपनीबद्दल तू पाच ओळी लिहिल्या आहेस, त्यातल्या तीन बसच्या वेळेबद्दल. कारखान्याबद्दल सहा ओळी, आणि सहाच्या सहा माझ्याबद्दल. माझे गुडघे, माझा खोकला, मी एकटी जेवते ते. आणि विद्यापीठाबद्दल जास्तीचे कागद जोडून अडीच पानं, मागच्या कोऱ्या जागेतही चढत गेलेली.

ती अडीच पानं मी इतक्यांदा वाचली आहेत की मला ते तळघर आता दिसतं. लोखंडी जिना, मग एक दार, मग आणखी एक दार. हवा काढून घेतलेल्या भांड्यात ठेवलेला तराजू. आणि तोलणारा माणूस त्या खोलीत नसतोच, तो भिंतीपलीकडे दुसऱ्या खोलीत बसून लांब दांड्यांनी वजनं हलवतो. एकेक मोजणी अकरा-अकरा दिवस चालते. 'अकरा दिवस, आत्या!' असं लिहून तू खाली दोन रेघा मारल्या आहेस. त्या प्राध्यापक बाई रस्त्यावरही हळू आवाजात बोलतात, आणि त्यांनी तुला मार्क विचारले नाहीत, विचारलं की किती वेळ न हलता बसू शकशील. 'मला लहानपणापासून सवय आहे,' असं तू सांगितलंस म्हणे. हे वाचून मी मोठ्याने हसले, शांत खोलीत, काटा चालू असताना. सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

त्यांचा माणूस दुसऱ्या खोलीत का बसतो हे तू सविस्तर समजावलं आहेस, जसं काही मला माहीतच नाही. अगं, ते मला मास्तरांनी नोकरीच्या दुसऱ्याच महिन्यात शिकवलं. नवा तराजू होता, फार देखणा, आणि मी त्याच्या प्रेमात पडून अगदी उजव्या कुशीला नाक लावून बसले होते. आकडा घ्यावा तर उजवं पारडं जड. पुन्हा घ्यावा, तरी जड. वजनं बदलली, पारडी पुसली, देवाचं नाव घेतलं, जडच. शेवटी रडकुंडीला येऊन मास्तरांना बोलावलं. त्यांनी तराजूला हातही लावला नाही. माझं स्टूल धरून मागे ओढलं, चांगलं चार पावलं, आणि म्हणाले, "तुझ्या अंगाची ऊब लागतेय त्याला. उजवी भुजा लांबते. तुला वाटतंय वस्तू जड आहे." तासाभराने आकडा बरोबर आला. मास्तर गेल्या वर्षी गेले, आणि या आठवड्यात मला त्यांची फार आठवण येते आहे.

आता थोडं माझ्याबद्दल. तुझ्या सहा ओळींत मधेच एक वाक्य आहे, की तुला शिकता आलं नाही ते मी तुझ्या शेजारी बसून भरून काढीन. रत्ती, मी कसला त्याग वगैरे केलेला नाही. मला कुणी अडवलं नव्हतं. एकोणीस वर्षांची असताना मी या खोलीत पाऊल टाकलं, तो उजेड बघितला आणि मनात म्हटलं, झालं, आता मी कुठे जात नाही. माझं काही अर्धवट राहिलेलं नाही, तेव्हा ते पुरं करायला तू येऊ नकोस. पण मी खोटंही सांगणार नाही. तू शिकायला गेलीस, मास्तर गेले, आणि दुसरं स्टूल रिकामं झालं. ज्या खोलीत मी तुला बोलू दिलं नाही, तिथे आता मीच बोलते. काटा हलत असतो आणि मी बघते की तू दार लोटून आत आली आहेस, पांढरा कोट घालून, वजनं उचलायचा चिमटा खिशात. तू बसतेस. आपण काही बोलत नाही. दुपार संपतच नाही, उजेड तसाच राहतो, एकामागून एक वर्षं खिडकीवरून सरकतात. हळूहळू तुझे केस पांढरे होतात, तुला चष्मा लागतो, तुझेही गुडघे दुखू लागतात. आणि मी आहे तशीच, तुझ्या शेजारी. इतकं गोड स्वप्न की काटा थांबला तरी मला उठवत नाही. काल तुझं पत्र आल्यावर पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की त्या स्वप्नात म्हातारी फक्त तू होतेस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. मालकांचं ते पत्र मालकांनी लिहिलेलं नाही, मी लिहिलं. एका दुपारी, काटा ठरायची वाट बघताना, मी ऑफिसात गेले, कारखान्याचा छापील कागद टाइपरायटरला लावला आणि बोटं आपोआप चालावीत तसं ते लिहून काढलं. 'शांत खोलीत आपल्यासाठी जागा आहे.' मग वजनांच्या सहा प्रमाणपत्रांच्या मधे तो कागद घालून मालकांपुढे सहीला ठेवला. गेली चाळीस वर्षं माझ्या हातचं काहीही ते न वाचता सही करतात. मालकांना उद्या विचारीन, असं मी स्वतःला म्हटलं आणि महिना गेला. अशी कुठली जागा नव्हती, रत्ती. तुझ्या तीन रकान्यांतला एक मी माझ्या एकटेपणाने भरला होता. आज सकाळी मालकांना सगळं सांगितलं, मान वर न करता. त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, "त्यात काय, येऊ दे पोरीला. जागा करता येईल." म्हणजे बघ, मी फक्त गप्प बसले असते तरी सगळं खरं झालं असतं, तुला कधी कळलंही नसतं. मी नाही म्हटलं. सोबत त्यांचं दुसरं पत्र आहे, दोन ओळींचं, की कारखान्यात जागा नाही. ते त्यांनी स्वतः लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा, सही करण्याआधी, माझ्यासमोर वाचून बघितलं. तेव्हा शुक्रवारी तो नकार पाठवू नकोस. तुला माझा राग येईल, यायलाच हवा, महिनाभर मी तुला फसवलं आहे. पण आधी तळघरातली ती जागा पक्की कर, आणि मग शनिवारी सकाळी मला फोन करून हवं तितकं भांड. मी घरीच आहे.

तुझीच, आणि तुझ्या फोनला घाबरून असलेली,
आत्या