पाळणुकीच्या गावची ऑर्डर

१७ मार्च, सोमवार

केंद्रातल्या जयाबाईनं आज सगळ्यांसमोर तोंड उघडलं — "शालूआक्का, आता मोठ्या ऑर्डरी सुविधाला द्या की. तुमचं वय झालं." वय झालं! हे भाकरी केंद्र मी उभं केलं, खडेबाजारात दारोदार फिरून गिऱ्हाईक आणलं, आणि ह्या माझं वय काढतात. बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. सुविधा खाली बघून पीठ मळत राहिली. नवऱ्यानं टाकलेली, निपाणीहून आलेली पोर. आली तेव्हा पिठात पाणी किती घालायचं तेही कळत नव्हतं तिला.

१८ मार्च

एका शाळेची ऑर्डर आली. सांबऱ्याच्या पलीकडच्या गावात नव्या इमारतीचं उद्घाटन, पाहुणे सगळे बाहेरचे. चूल तिथंच मांडायची — गरम भाकरी, झुणका, भरलं वांगं. येत्या मंगळवारी.

मंगळवार ऐकलं आणि डोक्यात उजेड पडला. माझं माहेर त्याच पट्ट्यातलं. लक्ष्मीची यात्रा तोंडावर आली की त्या गावात पाळणूक असते, देवीचे वार पाळतात. मंगळवारी-शुक्रवारी शिवेच्या आत ना तवा चढत, ना फोडणी बसत. शाळेचे साहेब धारवाडचे, त्यांना काय ठाऊक? आणि निपाणीच्या पोरीला कोण सांगणार? मी तर नाहीच.

सुविधाला हाक मारली. म्हटलं, "ही ऑर्डर तुझी. मी येणार नाही. माझा भरवसा आहे तुझ्यावर." तिचे डोळे भरून आले. मला हसू आवरेना, आत जाऊन पाणी प्याले.

२२ मार्च

पोरगी बदललीय. वांगी किडकी निघाली तर भाजीवाल्याला आवाज चढवून परत घ्यायला लावली. नळावरच्या भांडणात रडणारी ही! चढू दे. जितकी वर चढेल तितकी जोरात आपटेल.

२५ मार्च, मंगळवार

सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसले. ती रडत फोन करेल, मग मी जाईन, चार बायकांसमोर तिला झापीन — सगळं ठरवून ठेवलेलं. फोन आलाच नाही.

संध्याकाळी तिचं सामान घेऊन गेलेला टेम्पोवाला भरमू आला. "आक्का, पंच आडवं आलं. एकानं चुलीवर पाणी वतलं. बाई म्हणून बी बघितलं न्हाय, लई शिव्या दिल्या." ऐकून बरं वाटलं. तर हा पुढं म्हणतो, "पर सुविधा हलली न्हाय. म्हणाली, देवीचा वार मी मोडणार न्हाय, मग कुठं शिजवू ते तुमीच सांगा. पंचांनीच शिवेबाहेरचं रान दावलं. बाहेर शिजवून आणलेलं चालतंय म्हणं. वलं सरपण, डोळं लालभडक — पर जेवणं येळंत झाली."

वर पंचांनी यात्रेतल्या पाहुण्यांच्या जेवणाची ऑर्डरही तिलाच देऊन टाकली. मी ताट तसंच सरकवलं.

२६ मार्च

बायकांनी सुविधाला केंद्राची प्रमुख केलं. मला विचारलंसुद्धा नाही. ती माझ्या पाया पडली, सगळ्यांना म्हणाली, "आक्कांनी भरवसा टाकला म्हणून मी उभी ऱ्हायले." टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. लाज वाटली थोडी. त्याहून जास्त राग आला. आशीर्वाद देताना हात तिच्या डोक्यावर जरा जोरातच पडला.

२८ मार्च

बायका घरी गेल्यावर सुविधा माझ्याशेजारी येऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, "तुमचं म्हायेर तिथंच जवळ हाय, भरमूअण्णा सांगत हुता. म्हंजे वार पाळत्यात ते तुमास्नी ठावं हुतं. मी पडावं म्हणून दिलं तुमी. पर आजवर मला कुणी पाडायला सुदीक काय दिलं नव्हतं." मी उगाच परातीतलं पीठ झाडायला लागले.

उठताना म्हणाली, "यात्रेतली एक पंगत तुमी एकट्यानं संभाळायची, आक्का. माझा भरवसा हाय तुमच्यावर."

हसत म्हणाली. कुठली पंगत, कुणाची, काही सांगितलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही.