खाटेखालच्या चार वाट्या

३ सप्टेंबर १९७९
आज कामावर रुजू झालो. जागा झकास आहे. बपेऱ्यापासून तीन मैल आत, तळ्याच्या वरच्या अंगाला, ऐनाच्या झाडांत एक झोपडी. झाडांवर रेशमी कोशाच्या अळ्या सोडल्या आहेत. त्यांना कावळ्यांपासून आणि लाल मुंग्यांपासून राखायचं. मालक देवाजी म्हणाले, तुलाराम, चौथी पास राखणदार आम्हाला पहिल्यांदाच मिळाला. ही वही माझ्या निर्मलाने दिली. बाबा, मनात घोकत बसू नका, लिहून काढा, म्हणाली. वरठीला तिच्या घराशेजारी माझ्यासाठी खोली उभी राहते आहे. चाळीस दिवसांनी कोसे, म्हणजे तयार कोश, झाडांवरून उतरले की ती मला कायमचा न्यायला येणार. बायको गेल्यावर सात वर्षं एकट्याने काढली, हे चाळीस दिवस कसेही जातील.

५ सप्टेंबर
इथला नेम कडक. अळ्या झाडावर असेतो राखणदाराने कुणाला शिवायचं नाही, कुणी त्याला शिवायचं नाही. नाहीतर अळ्या काळ्या पडून गळतात. कवडू नावाचा गडी डबा आणून चुन्याच्या रेघेपलीकडे ठेवतो. तोंडाळ आहे. म्हणतो, "आबाजी, नव्या नवरीपरीस तुमचा नखरा जास्त होऊन राहिला!" खाटेच्या चार पायांखाली मातीच्या चार वाट्या आहेत. त्यांत पाणी ठेवायचं, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. मी दिवसातून सहादा पाहतो. काळजी करायची खोडच आहे मला.

११ सप्टेंबर
दुपारी डोळा लागला. उठलो तर चारही वाट्या कोरड्या, एकही फुटलेली नाही. कवडूवर रागावलो. "मी कायले ओतू? मालक मले झाडालेच बांधतीन ना," म्हणाला. मग म्हणाला, भैय्यालालच्याही वाट्या अशाच कोरड्या असायच्या. भैय्यालाल माझ्या आधीचा राखणदार. गेल्या हंगामात याच खाटेवर गेला. अंगभर लाल मुंग्या, पण चावा एकही नाही. चेहरा हसरा होता म्हणे. हे मला आधी सांगायला हवं होतं.

१६ सप्टेंबर
छपराच्या बांबूत भैय्यालालची वही सापडली. अक्षर माझ्याहून चांगलं. पंचविशीत त्याला देवी आल्या. घरच्यांनी गोठ्यात ठेवला. एकवीस दिवस कुणाचा हात लागला नाही, अंगावरून फिरल्या त्या मुंग्याच. बरा झाला, बायको जवळ आली, तर तिचा हात दगडासारखा वाटला. पुढे तो छातीला गुळाचं पाणी लावून पडून राहायचा. पुरुषाला बायकोपाशी जे सुख मिळतं, ते त्याला मुंग्यांपाशीच मिळे. बायको माहेरी निघून गेली. एका म्हाताऱ्या वैद्याने सांगितलं, असे लोक पूर्वीही झाले आहेत, तू एकटा नाहीस. त्या दिवशी तो पोटभर रडला.
मला किळस आली. वही चुलीत घालणार होतो. घातली नाही.

२३ सप्टेंबर
भर दुपारी खाटेवर मुंग्यांची रांग. सरळ नव्हती. डोकं, खांदे, दोन पाय — निजलेल्या माणसाच्या कडेकडेने फिरत होत्या. मधली जागा रिकामी. आणि तिथली सुतळी खाली दबलेली.
राख फेकली.

२९ सप्टेंबर
वाट्या पुन्हा कोरड्या. कवडू दोन दिवस आलेला नाही, डबा दुसऱ्याने ठेवला. मग माझ्या धोतराचा सोगा ओला का? नखांत चिखल —
मीच पाणी ओतून देतो.

४ ऑक्टोबर
एक मुंगी पोटरीवरून गेली. झटकणार होतो. सात वर्षांत कुणी —
चावली नाही.

९ ऑक्टोबर
डब्यातला गूळ खाल्ला नाही, ठेवला. खाटेवर शेजारी कुणी श्वास घेतं. सरकून त्याला जागा दिली. निर्मला लवकर ये. लवकर —

१३ ऑक्टोबर
कोसे उतरले. नेम सुटला. निर्मला आली, रेघ ओलांडून धावतच आली, माझा हात दोन्ही हातांत धरला. "बाबा, हात काहून इतका गार?" म्हणून रडली. मी तिच्या हाताकडे पाहत राहिलो. माझी पोर. आणि हात — दगड.
वही घेऊन येतो सांगून आत आलो. बैलबंडी जुंपलेली आहे. वाट्या भरलेल्या दिसतात, सामान न्यायला आत आली तेव्हा तिनेच भरल्या असतील.
एक ओतली. खाटेवरचा तो बाजूला सरकला.
दुसरी.
पोर हाक मारते आहे. जायला हवं. खोली बांधली तिने माझ्यासाठी, जायला —
तिसरी.
निर्मला, आत ये. धरून ओढ मला, आत ये, आत नको ये —
चौ