हाज्जा तमूचा कफ्तान परत दे

बतूल,

सकाळची नमाज आटोपून मी इज्जाच्या घरी निघाले आहे. आज सोमवार, माझा रोजा आहे, माझ्यासाठी जेवण ठेवू नकोस.

काल तू बाजारात असताना हाज्जा तमू दुकानात आली होती. कफ्तानाच्या साठही रेशमी गुंड्या तिने चौथ्यांदा उसवायला लावल्या. वर इज्जाला म्हणाली, "बोटं आहेत की मुळे गं तुझी?" ती गेल्यावर मी अल्लाची शपथ घेतली, आता हिचं काम बंद. तशी इज्जा सुई ठेवून उठली. म्हणाली, "मावशी, ही तुमची तिसरी शपथ. मोडली की भरपाईचे तीन रोजे तुम्ही धरता, पण उसवायचं मलाच असतं." आणि निघून गेली.

खरं बोलली पोरगी. हाज्जाने "माझी लेक" म्हणून कपाळाचा मुका घेतला की मी विरघळते. म्हणून तू जा. दुपारच्या अजानीआधी कफ्तान आणि उरलेलं कापड तिच्या दारी देऊन ये. "पुन्हा शिवाल ना?" असं विचारलं तर "इन्शाल्ला" म्हणू नकोस, तिला तो होकारच वाटतो. सरळ "नाही" म्हण.

इज्जा गेली तर आपलं दुकान उरत नाही, बतूल. नुसती शपथ घेऊन पुन्हा तिच्यापुढे उभं राहायला मला तोंड नाही. कफ्तान दिलास की लगेच फोन कर. तोवर मी तिचं दार वाजवणार नाही, जिन्यातच बसून राहीन.

ताई