टिंबाआधीचं शून्य

सोमवार, ३

एकदाची पांढरा कोट घालून काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहिले. तीन वर्षं औषधांची नावं घोकून जिभेला घट्टे पडले होते. आज तीच सगळी मंडळी फळीवर ओळीने भेटली आणि लांबच्या नातेवाइकांसारखी गत झाली. चेहरा ओळखीचा, पण नाव काही आठवेना.

प्रशिक्षण तीन महिन्यांचं. रुग्णालय मोठं आहे, पण औषधांचा विभाग तळमजल्यावर दोनच खोल्यांचा. पुढे काचेची एक खिडकी, मागे औषधं तयार करायचा ओटा. त्यावर तराजू आणि मोजपात्रं. मुख्य फार्मासिस्टना सगळे नुसतं बाई म्हणतात. बोलणं मोजूनमापून, पण शिकवताना हातचं राखत नाहीत. फळ्या लावायला एक काका आहेत. माझा कोट दोन मापं मोठा बघून ते म्हणाले, निदान वाढायला जागा आहे.

राहायला ताईकडे आहे. भाऊजी फिरतीवर असतात, म्हणून तिलाही सोबत झाली. अकरा महिन्यांच्या छकुलीला दात येतायत, त्यामुळे ती दिवसभर घर डोक्यावर घेते.

कॉलेजात मॅडम सांगायच्या, जे घडलं ते लगेच लिहून ठेवा, आठवण आपल्या सोयीने बदलते. म्हणून ही वही.

बुधवार, ५

आज कोरड्या पावडरीपासून लहान मुलांची सिरपं बनवली. पाणी खुणेपर्यंतच भरायचं, फेस खाली बसू द्यायचा, पुन्हा बघायचं. लेबल मी लिहायचं, बाई तपासणार, मगच बाटली खिडकीबाहेर जाणार. यात सूट नाही.

एका लेबलावर मी .५ मिली लिहिलं. बाईंनी ते टराटरा फाडलं. टिंबाआधी शून्य का लावतात, असं विचारलं. मी पुस्तकातलं उत्तर दिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, एकटं टिंब घाईतल्या माणसाला दिसत नाही. मग ०.५ मिली असं पन्नास वेळा लिहून घेतलं. शाळेत होते तेव्हाही इतकी शिक्षा झाली नव्हती.

घरी ताईचं टुमणं चालूच. घरात औषधवाली असून पोर रडून रडून बेजार, काहीतरी आण की. मी म्हटलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एक थेंब आणणार नाही. ती म्हणाली, मोठी आलीस शिकलेली.

शुक्रवार, ७

काका सांगत होते की बाईंनी स्वतः लेबल लिहिलेलं त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नाही. शिकाऊ कुणी नसलं की त्या छापून घेतात. अक्षर मोत्यासारखं असून.

दीड ते दोन बाई डबा घेऊन वरच्या मजल्यावर जातात. काका कोठारात असतात. त्या अर्ध्या तासात मी चिठ्ठ्या घेऊन ठेवायच्या, औषध द्यायचं नाही.

सोमवार, १०

आज चुकले. लिहिते.

पावणेदोनला खिडकीशी एक बाई आली. तिशीच्या आतली असेल. छातीशी घट्ट धरलेलं गाठोडं, दुपट्यात पार गुंडाळलेलं बाळ. चिठ्ठी झटक्यांवरच्या सिरपची, दिवसातून दोनदा अर्धा मिली. मी थांबायला सांगितलं. ती भांडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुम्ही देता का मी अशीच घेऊन जाऊ हिला?"

मला ते ऐकवेना. लेबल लिहिलं, बाटली दिली.

ती गेल्यावर आठवायला लागले. शून्य लावलं होतं का? सवयीने लावलंच असणार. पन्नास वेळा लिहिलंय. पण डोळ्यांपुढे ते लेबल येतं तेव्हा शून्य दिसत नाही.

बाईंना सांगायचं धाडस झालं नाही. चिठ्ठी खिळ्याला लावून ठेवली होती, उद्या ती बघून पत्ता काढते.

मंगळवार, ११

चिठ्ठी नाही. खिळ्यावरच्या सगळ्या चिठ्ठ्या दोनदा काढून बघितल्या. त्या सिरपच्या बाटल्या मोजल्या. एकही कमी नाही.

पावणेदोनला ती परत आली. मला इतकं हायसं वाटलं की आधी हसूच आलं. बाळ कसं आहे विचारलं.

ती म्हणाली, "आता रडत नाही. किती छान झोपलीये."

मी म्हटलं, मला बघू दे, बाटली परत दे, डॉक्टरांना हाक मारते. तिने दुपटं जरा बाजूला केलं. दुपट्याच्या आत दुपटंच होतं. त्याच्या आत आणखी. ती घड्या उलगडत राहिली आणि मी बघत राहिले. मागे कोठारात काकांनी खोकं आपटलं, मी वळून पाहिलं. तेवढ्यात खिडकी रिकामी.

बाहेर पळत गेले. भर दुपार, रांगेत वीस माणसं. तिला कुणीच पाहिलं नव्हतं.

बुधवार, १२

बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील अशी तयारी होती. त्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ हात धूत असल्यासारखे चोळत राहिल्या.

बावीस वर्षांपूर्वी त्या याच खिडकीत शिकाऊ होत्या. हीच चिठ्ठी, हेच औषध. त्यांनी शून्य लावलं नाही. आईने पाच मिली दिलं. मुलगी उठली नाही. महिन्याभरात आईही गेली. चौकशीत आईनेच वाचायची चूक केली असं ठरलं, आणि बाई गप्प बसल्या.

मी विचारलं, मग दीड वाजता तुम्ही मला एकटीला का सोडता?

त्या म्हणाल्या, "त्या वेळेला ती येते, म्हणून मी इथे थांबत नाही. मला ती दिसायला नको असते."

म्हणजे माझ्या आधीही इथे मुली बसल्या असतील. किती, ते विचारवलं नाही. बाई म्हणाल्या, त्यातली एक मध्येच सोडून गेली, तिच्या घरी काहीतरी झालं होतं. काय झालं, ते मात्र सांगेनात.

गुरुवार, १३

आज बाई वर गेल्या नाहीत. माझ्या शेजारी बसून राहिल्या. पावणेदोन, दोन, सव्वादोन. कुणी नाही. बाई म्हणाल्या, बघ, टळलं. मला नाही तसं वाटलं. ती खिडकीत नाही, तर मग कुठे —

प्रशिक्षण सोडायचं ठरवलं. उद्या कॉलेजात कळवते. वर्ष वाया गेलं तर जाऊ दे.

संध्याकाळी घरी गेले. छकुली झोपलेली. ताई खूश. म्हणाली, शेवटी पाझर फुटला ना तुला. दुपारी तुमच्याकडची एक बाई छातीशी बाळ धरून आली, औषध देऊन गेली. अक्षर तुझंच होतं, म्हणून लगेच पाजलं.

बाटली हातात घेतली. माझंच अक्षर. माझंच .५ . शून्य नाही.

ताईने पाच मिली दिलं. छकुली उठवली तरी उठेना.

गुरुवार, रात्री

मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर. आत नळ्या लावल्यात. डॉक्टरांनी विचारलं, कुठून आणलं हे औषध. ताईने माझ्याकडे पाहिलं.

बाईंना फोन केला. येते म्हणाल्या. अजून —

डॉक्टरांना खरं सांगितलं. लेबल माझं, शून्य मी विसरले. गप्प बसायचं नाही हे एकच माझ्या हातात होतं.

आतून काही आवाज नाही. रडली तरी चालेल. घर डोक्यावर घे बाळा. घे.

शुक्रवार, १४

उजाडलंय. बाई आल्या नाहीत.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला ती बसलीय. कधी आली कळलं नाही. माझ्याकडे बघत नाही. गाठोडं मांडीवर.

ताई आत आहे. हाक मारावी तर आवाज फुटत नाही. म्हणून लिहितेय, हात तेवढा चालतोय.

ती सरकली. जवळ.

गाठोडं आज रिकामं नाही. दुपट्यात काहीतरी हलतंय. तिने ते माझ्यापुढे धरलं. घे म्हणतेय, की बघ म्हणतेय —

आत यंत्राचा सूर एकसारखा लागलाय. कुणीतरी धावतंय. ताई —

गाठोडं रडायला लागलं. दात शिवशिवल्यावर रडते तसं, आधी हुंदका, मग लांब. हे रडणं मी ओळखते, हे तर आमच्या —