वरच्या दोन खोल्या आणि तिसरं माणूस

कोल्हापूर,
फेब्रुवारी २००३

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या बापूसोचा नमस्कार आणि जय जिनेंद्र. दाजींच्या गुडघ्याला आता उतार असेल. (नुसतं तेल चोळण्यापेक्षा त्यांनी जिने कमी चढावेत, पण हे मी म्हटल्याचं सांगू नकोस.) इकडे मी आणि राजमती बरे आहोत.

प्लॉट विकून आलेला पैसा कोल्हापुरात भाड्यानं द्यायच्या घरात घालावा का, असं तू विचारलंस. आक्का, त्याला काय काय लागतं ते अनुभवानं सांगतो. वेगळा जिना लागतो, विजेचा वेगळा मीटर लागतो, अकरा महिन्यांचा करार लागतो, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते. हे सगळं मी केलं. काळीज घट्ट लागतं, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

वरच्या दोन खोल्या मी गणपतरावांना दिल्या. शाहूवाडीकडचा माणूस, ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकून. बरोबर बायको आणि म्हातारी आई, बाळाबाई. घरात मटण शिजवायचं नाही ही आपली अट त्यांनी लगेच मान्य केली. (आधीचे सगळे ती अट ऐकून जिन्यावरूनच परतले होते.) मग त्यांची पुण्याला बदली झाली. "आईला मागनं नेतो," म्हणून नवरा-बायको पुढं गेले. करार संपला, तरी न्यायला कुणी आलं नाही.

खोल्या मोकळ्या करा असं सांगायला मी वर गेलो. बाळाबाई म्हणाल्या, "बसा की पावणं, चा ठेवते." माझ्याच घरात पाहुणा होऊन मी चहा प्यायलो आणि न बोलता खाली आलो. ओळखीच्या एका वकिलानं कानात सांगितलं, पाणी तोडा, आपोआप जातील. मी गच्चीवरचा, त्यांच्या खोल्यांच्या पाण्याचा कॉक बंद केला. सकाळी बाळाबाई कळशी घेऊन खाली आल्या. ते बघून राजमती माझ्यावर कडाडली, "म्हातारं माणूस पाणी वाहतंय आणि तुम्ही पेपर वाचत बसलाय?" मग बादल्या मीच वर नेल्या, कारण कॉक कुणी बंद केला हे सांगायची सोय नव्हती. शेवटी तिनं प्लंबर बोलावला. त्यानं कॉक फिरवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी मान खाली घातली.

शेवटी पुण्याला गेलो. गणपतराव एका खोलीत राहतात. मला बघून त्यांना रडूच फुटलं. "मालक म्हणतोय दोनच माणसं. तिसरं आणलं तर खोली सोडा. सांगा, आईला कुठं ठिवू?" मला त्या मालकाचा भयंकर राग आला. परतीच्या एसटीत कराडपर्यंत मी त्याला मनात शिव्या घातल्या. कराडच्या पुढं आठवलं की मीही मालकच आहे.

घरी आल्यावर बाळाबाईंनी विचारलं, "कवा येतोय न्ह्यायला?" मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात." मग म्हणाल्या, "वाळलाय का वो लई?" त्या दिवसापासून त्यांचं ताट आमच्यातच असतं. संध्याकाळी त्या आणि राजमती शेंगा फोडत बसतात. मी आलो की दोघींचं बोलणं थांबतं.

तेव्हा आक्का, पैसा सरळ बँकेत ठेव. दाजींना नमस्कार.

तुझा,
बापूसो

ता. क. : गणपतरावांच्या कंपनीला तुमच्याच गडहिंग्लजच्या गोदामात माणूस हवा आहे. राहायला जागा मिळाली तर ते यायला तयार आहेत. तुझी मागची खोली रिकामीच आहे, ती त्यांना दे. अट एकच घाल, आई बरोबर आणलीच पाहिजे.

ता. क. दुसरा : जमत नसेल तर मोकळेपणानं नाही म्हण, आम्हाला अजिबात राग येणार नाही. (हे वाक्य राजमतीनं शेजारी उभं राहून लिहून घेतलं आहे.)